निकालाआधीचे तीनशे शहाऐंशी कॅमेरे

सोलापुरात बाळीवेशीच्या मागच्या गल्लीत भुवनेश्वरी हत्तुरे कॅमेरे दुरुस्त करते. लग्नातले नव्हेत. कारखान्याच्या, गोदामाच्या, लॉजच्या भिंतीवर टांगलेले असतात ते, पाळत ठेवणारे. वय अडतीस, शिक्षण आयटीआय इलेक्ट्रॉनिक्स. लग्न केलेलं नाही, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर, "तुमच्या कॅमेऱ्याला काय झालंय ते सांगा," एवढंच उत्तर मिळतं.

साडेतीन वर्षांपूर्वीपर्यंत ती संगप्पांच्या एजन्सीत मुख्य फिटर होती. संगप्पा हे ‘चक्षुरा इमेजिंग’ या कॅमेरा कंपनीचे जिल्ह्याचे वितरक. नवी पेठेत दुकान, वर हॉल, होटगी रोडला गोदाम. भुवनेश्वरीला ते ‘तंगी’ म्हणत, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. ती त्यांना अण्णा म्हणे. अकरा वर्षं हे चाललं.

मग एका सुताच्या गोदामात चोरी झाली. दोन टेम्पो सूत गेलं आणि नेमका त्या दारावरचा कॅमेरा बंद होता. त्यात ओल गेली होती. कंपनीचा माणूस पुण्याहून आला, कॅमेरा पिशवीत घालून घेऊन गेला आणि आठ दिवसांनी कळवलं की माल चांगला होता, बसवणाऱ्यानं झाकण नीट आवळलं नाही.

झाकण आवळलेलं होतं. त्याच्या आतली रबराची रिंग पातळ होती. नवा माल यायला लागला तेव्हाच भुवनेश्वरीनं ती रिंग संगप्पांच्या हातावर ठेवली होती. संगप्पांनी अंगठ्याच्या नखानं दाबून बघितली होती. जुनी रिंग दाबली की परत फुगायची, ही दबली ती दबलीच. "कागद हाय की गं हा!" असं ते स्वतः म्हणाले होते. पण कंपनीनं एजन्सी काढून घेण्याची भाषा केली तेव्हा त्यांनी लिहून दिलं, ‘सदर तंत्रज्ञ निष्काळजी असून तिला कामावरून कमी केले आहे.’ कंपनीनं ते पत्र जिल्ह्यातल्या एकतीस दुकानदारांना पाठवलं. त्यानंतर सोलापुरात भुवनेश्वरीला कुणी शिडीवर चढू दिलं नाही. ती घरी बसून लोकांचे मिक्सर आणि चार्जर दुरुस्त करू लागली. वर्षभरानं हळूहळू कॅमेरेही येऊ लागले, पण मागच्या दारानं. दुकानदार स्वतःच्या नावावर काम घ्यायचे आणि गुपचूप तिच्याकडून करून घ्यायचे.

तिनं भांडण केलं नाही, कोर्टात गेली नाही. संगप्पा रस्त्यात दिसले की ती थांबून त्यांच्याकडे बघायची. फक्त बघायची. ते मोटारसायकलचा वेग वाढवायचे.

दरम्यान चक्षुराचा शेअर बाजारात आला. वितरकांना राखीव कोट्यातून मिळाला, एकशे ऐंशीला एक. दोन वर्षांत तो साडेसहाशेच्या आसपास गेला. संगप्पांकडे चार हजार होते, त्यांच्या बायकोच्या, जगदेवींच्या नावावर तीन हजार. संगप्पांना एकदम शहाणपण आलं. दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी शेअरचा अभ्यासगट भरू लागला. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, आणि एका कंपनीची चर्चा. त्रेचाळीस सभासद, व्हॉट्सॲपचा ग्रुप, संगप्पा त्याचे अध्यक्ष.

या गटातच आदिनाथ म्हणून नातेपुत्याकडचे निवृत्त बँक अधिकारी होते. चक्षुराचा तिमाही निकाल एका गुरुवारी येणार होता. त्याच्या आधीच्या रविवारी त्यावर चर्चा करायचं ठरलं, तेव्हा आदिनाथ म्हणाले, "संगप्पा, तुमी विकणार, तुमीच शेअर धरणार आन तुमीच सांगणार माल चांगला हाय म्हणून? असं कुटं असतंय व्हय? कॅमेरा उघडून बघणारं माणूस आणा हितं."

असं माणूस शहरात एकच आहे हे हॉलमधल्या अर्ध्या लोकांना ठाऊक होतं. संगप्पांना नाही म्हणता आलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन केला, जणू कालच भेट झाली होती.

"तंगी, बरी आहेस ना? दोन आठवड्यांनी रविवारी ये. चक्षुरावर बोल. जेवायलाच ये."

भुवनेश्वरीच्या हातात तेव्हा गरम सोल्डरिंग गन होती. तिनं ती स्टँडवर ठेवली.

"येते की, अण्णा. पण अभ्यास करून येईन. एक दिवस गोदाम दाखवाल?"

"तुझंच आहे गं गोदाम."

फोन ठेवून तिनं गनचं बटण बंद केलं. माणूस आपल्या पायानं चालत आला होता. आता त्याला बुडवायचं कसं, एवढाच प्रश्न होता.

पहिला विचार सरळ होता. खोटं सांगायचं. शेअर हजाराला जाईल, आणखी घ्या, असं सांगायचं आणि बुडू द्यायचं. पण त्याआधी शेअर खरंच बुडणार का, हे बघायला हवं होतं. तिनं कंपनीचा वार्षिक अहवाल झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला. दोनशे बारा पानं, सगळी इंग्रजी. पेन्सिल घेऊन ती वाचत गेली. समजलं नाही तिथे गोल केला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं.

तिला हवी होती ती ओळ एकशे सत्तेचाळीसाव्या पानावर सापडली. वॉरंटीत बिघडलेला माल बदलून द्यावा लागतो, त्यासाठी कंपनी आधीच पैसे बाजूला काढून ठेवते. चक्षुरा शंभर रुपयांच्या विक्रीमागे एक रुपया वीस पैसे काढत होती. म्हणजे कंपनीचं म्हणणं असं, की आमचे शंभरात फार तर एक-दोन कॅमेरे बिघडतात.

भुवनेश्वरीच्या टेबलावर त्या दिवशी नऊ कॅमेरे होते, त्यातले सात चक्षुराचे. तिला हसू आलं आणि लगेच थांबलं. दुरुस्ती करणाऱ्याकडे बिघडलेलेच येतात. चालू असलेला कॅमेरा कोण कशाला घेऊन येईल? माझ्या टेबलावरून कंपनीची किंमत करायची म्हणजे दवाखान्यात बसून गावाची तब्येत सांगण्यासारखं होईल, हे तिला कळत होतं. आदिनाथसारखा माणूस हे पहिल्या मिनिटाला विचारेल. आणि राग खरा असला तरी मोजणी खोटी चालणार नव्हती.

तिच्याकडे फिटिंगच्या डायऱ्या होत्या. कोणत्या तारखेला कुठे किती उंचीवर कोणत्या नंबरचा कॅमेरा बसवला, हे ती स्वतःच्या समाधानासाठी लिहून ठेवायची. शेवटच्या वर्षातल्या, म्हणजे पातळ रिंगच्या मालाच्या नोंदी तिनं काढल्या. तीनशे शहाऐंशी कॅमेरे. सगळ्यांची तीन वर्षांची वॉरंटी संपून गेलेली. चालू किती, बंद किती, बदललेले किती, हे जाऊन बघायचं.

दहा दिवस ती फिरली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत यंत्रमागांच्या आवाजात खुणांनी विचारलं. पंढरपूरच्या लॉजमध्ये मॅनेजर म्हणाला, "बाई, आमच्या दुकानदाराला तुम्हाला चढू देऊ नका असं पत्र आलं होतं," तेव्हा तिनं सेल्फीच्या काठीला मोबाइल बांधून खालूनच नंबरांचे फोटो काढले. श्रीपूरला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग थांबवून दोन मिनिटं मागितली. रंगाच्या हौदांवर वाफेत टांगलेले चौदा कॅमेरे तिनं मोजणीतून वेगळे काढले, कारण तिथे चांगल्या रिंगचाही टिकला नसता. आकडा भरून काढायला त्यांच्याऐवजी आधीच्या वर्षाचे घ्यायचा मोह झाला. तो तिनं टाळला आणि आकडा तीनशे बाहत्तर धरला.

त्यातले एकोणचाळीस वॉरंटीतच बंद पडले होते. शंभरात साडेदहा. कंपनीनं बदलून दिले फक्त सहा. बाकी तेहेतिसांच्या कागदावर एकच शेरा होता, ‘बसवण्यातील दोष’. ते नुकसान दुकानदारांनी सोसलं होतं.

मग तिनं गणित मांडलं. वर्षाची विक्री चारशे कोटी, नफा तीस कोटी. बाजार त्या नफ्याच्या ऐंशी पट किंमत देत होता. खऱ्या बिघाडाइतके पैसे बाजूला काढायचे, अगदी शंभराला आठ जरी धरले, तरी सत्तावीस कोटी आणखी जातात. उरतात तीन. तीन कोटींच्या नफ्यावर चोवीसशे कोटींची कंपनी उभी होती. तिनं वहीत त्या तिनाभोवती गोल केला आणि चहा ठेवला.

गुरुवारीच हे बाहेर येईल याची मात्र खात्री नव्हती. दुकानदार मुकाट सोसत राहिले तर कंपनी अजून वर्षभर असंच दाखवू शकली असती. त्याचं उत्तर गोदामात मिळालं.

संगप्पांनी शटर स्वतः वर केलं. छतापर्यंत खोके. भुवनेश्वरीनं रांगा मोजल्या, उंची मोजली, गुणाकार केला. साधारण एकोणीसशे.

"महिन्याला किती जातात, अण्णा?"

"दोनशे. सणाला अडीचशे."

"मग हे नऊ महिन्यांचं हाय की!"

"कंपनीनंच दिलं. तिमाही संपायच्या आठवड्यात उचललं की दीड टक्का जादा कमिशन. पैसे सावकाश द्यायचे." संगप्पा एका खोक्यावर थोपटत म्हणाले, "माल भरलेला असला की मन भरलेलं असतं, तंगी."

कंपनी हीच विक्री म्हणून दाखवत होती. खोका संगप्पांच्या गोदामात आला की कंपनीच्या कागदावर विकला गेला. अहवालात वितरकांकडून येणं वर्षात दुप्पट झालेलं तिनं वाचलं होतं. ते ‘येणं’ आता तिच्या समोर छतापर्यंत उभं होतं. आणि ज्याची गोदामं भरली आहेत तो पुढच्या तिमाहीत मागणी कशाला देईल? लातूर, विजापूर, बार्शीच्या ओळखीच्या फिटरांना तिनं आधीच फोन केले होते. तिन्हीकडे हेच.

तिनं एक नवा खोका उघडायला मागितला. झाकण काढलं, रिंग बोटावर घेतली, नखानं दाबली. दबली ती दबलीच. संगप्पांनी शटरच्या पट्टीकडे बघितलं, रिंगकडे बघितलं नाही.

"तू रविवारी ‘विका’ म्हणणार," ते हसून म्हणाले. "ठाऊक आहे मला. तुझा राग गेलेला नाही. बोल, बोल. मी कानावर घेईन आणि माझं मी करीन. तू जे सांगशील त्याच्या उलटं केलं की आपलं भलं!"

भुवनेश्वरीनं रिंग परत बसवली, चारही स्क्रू आवळले. खोटं बोलायची आता गरज उरली नव्हती. या माणसाला बुडवायला खरं पुरेसं होतं.

रविवारी हॉल भरला होता. भुवनेश्वरीनं प्रोजेक्टर नाकारला. वही उघडून उभ्यानं वाचलं. कॅमेरे किती, बंद किती, वेगळे काढले ते का, कंपनी किती पैसे बाजूला काढते, किती काढायला हवेत.

आदिनाथांनी अपेक्षेप्रमाणे अडवलं. "बाई, तीनशे कॅमेऱ्यावरनं लाखो कॅमेऱ्याचं कसं सांगताय? तुमच्या शिडीवरनं आख्खा देश दिसतोय व्हय?"

"न्हाई दिसत, काका. म्हणून साडेदहा न धरता आठ धरले. तुम्ही पाच धरा. मग नफा तिसाचा पंधरा होतो. पंधराच्या एकशे साठ पट किंमत द्याल?"

आदिनाथांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "लई झालं की ते."

"आणि गुरुवारी?" कुणीतरी विचारलं.

"गुरुवारी कळेल का पुढच्या तिमाहीत, ते मला सांगता येत न्हाई. पण गोदामं तुंबलीत. मागणी अडली की आकडा लपत न्हाई. निकालाआधी विका. हे माझं मत."

ती हे हॉलकडे बघून बोलली नाही. संगप्पांकडे बघून बोलली, एकेक शब्द, आणि आवाजात होती तेवढी सगळी साडेतीन वर्षं येऊ दिली. रागावलेली बाई बोलतेय असं वाटायला हवं होतं. ते खोटंही नव्हतं.

संगप्पांनी टाळी वाजवली. "ऐकलंत? साडेतीन वर्षांचा राग शंभराला साडेदहा टक्क्यानं निघाला!" हॉल हसला. "मी उद्या आणखी दोन हजार घेणार. वाटल्यास लिहून ठेवा."

जगदेवी भाकऱ्यांची टोपली घेऊन फिरत होत्या. एजन्सीची कागदपत्रं वर्षानुवर्षं त्यांच्याच हातांत असत. भुवनेश्वरीविरुद्धच्या त्या पत्रावरचा शिक्काही त्यांनीच मारला होता. भुवनेश्वरीच्या ताटात भाकरी ठेवताना त्यांनी हळूच विचारलं, "नव्या खोक्यातली रिंग कशी हाय?"

"तशीच हाय, वैनी."

जगदेवी पुढच्या ताटाकडे गेल्या.

सोमवारी संगप्पांनी दोन हजार घेतले, सहाशे पंचावन्नला, आणि ग्रुपवर पावती टाकली. खाली अंगठ्यांची रांग लागली. भुवनेश्वरी ती पावती दिवसातून चार वेळा उघडून बघत होती. बुधवारी भाव सहाशे अठ्ठेचाळीसला बंद झाला. तिला जेवण गेलं नाही. निकाल चांगला आला तर? कंपनीनं अजून एकदा झाकून घेतलं तर? मग तो माणूस जन्मभर तिच्याकडे बघून हसला असता, आणि या वेळी त्रेचाळीस जणांच्या साक्षीनं.

गुरुवारी दुपारी एक वाजून चाळीस मिनिटांनी निकाल आला. वितरकांनी माल परत पाठवला होता. मागणी एक तृतीयांशानं घटली. वॉरंटीची तरतूद वाढवावी लागली. गेल्या वर्षी याच तिमाहीत साडेसात कोटी नफा होता, या वेळी नव्वद लाख. सात मिनिटांत भाव पाचशे अठरावर येऊन थांबला. एका दिवसात यापेक्षा खाली जायची परवानगी नसते. तिथे विकणाऱ्यांची रांग लागली होती, घेणारा एकही नव्हता.

भुवनेश्वरी उठून दारात गेली, परत आली, पुन्हा दारात गेली. तेव्हा रिक्षातून जगदेवी उतरल्या. रिकाम्या हातानं, घामाघूम.

"पाणी दे आधी."

पाणी पिऊन त्या स्टुलावर बसल्या. "मी माझे सोमवारीच विकले. तीन हजारच्या तीन हजार."

भुवनेश्वरीनं रिकामा पेला उचलला.

"ह्यांनी दोन हजार घेतले ना, त्यातले काही माझेच असतील बघ." जगदेवींना हसू आवरेना. मग त्या थांबल्या. "तुझे उपकार झाले, पोरी."

"मी तुमच्यासाठी सांगितलं नव्हतं, वैनी." तिचा आवाज चढला. "मी खरं सांगितलं ते अण्णांनी ऐकू नये म्हणून. तुमचं घर निम्मं वाचवायला दहा दिवस शिडी घेऊन फिरले का मी?"

"ठाऊक हाय मला."

"काय ठाऊक हाय?"

"की तुला आमचं वाईट करायचं होतं. म्हणून तर विकले. तू खोटं बोलत न्हाईस हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक हाय. ह्यांनाही. तेव्हाही होतं."

तेवढ्यात फोन वाजला. स्क्रीनवर संगप्पांचं नाव होतं. जगदेवींनी ‘मी इथे आहे म्हणू नकोस’ अशी मान हलवली. भुवनेश्वरीनं स्पीकर लावला.

"तंगी, काय करू गं? ठेवू का काढू? तू अभ्यास केलायस. सांग."

"सांगते की. पण असं न्हाई, अण्णा. ग्रुपवर विचारा."

"अगं, ग्रुपवर कसं…"

"आणि आधी तिथं लिहा, सुताच्या गोदामातल्या कॅमेऱ्याची रिंग कोणी दाबून बघितली होती. मग विचारा. साडेतीनला बाजार बंद होतो. तीन वाजायला आलेत."

फोन बंद झाला. दोघी मोबाइलकडे बघत बसल्या. संगप्पा लिहीत आहेत असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. तीन वाजून अकरा मिनिटांनी संदेश आला.

‘सुताच्या गोदामातील कॅमेऱ्याबाबत भुवनेश्वरी हत्तुरे यांची चूक नव्हती. रिंग पातळ होती. मी स्वतः बघितली होती. मला माहीत असताना मी पत्र दिले. भुवनेश्वरी, आता मार्गदर्शन कर.’

खाली आदिनाथांनी लगेच लिहिलं, ‘मायला, संगप्पा!’

"दे की उत्तर," जगदेवी म्हणाल्या. "दिलेला शब्द हाय."

"काय देऊ? घेणारा एकही न्हाई, वैनी. ठेवा म्हटलं काय आणि काढा म्हटलं काय, आज ते विकूच शकत न्हाईत. दोन वाजल्यापासून मला ठाऊक हाय."

जगदेवींनी कपाळाला हात लावला. "आणि तरी लिहायला लावलंस!"

"त्यांनी पण ठाऊक असूनच लिहिलं होतं."

साडेतीन वाजता तिनं ग्रुपवर लिहिलं, ‘आज घेणारा नाही. उद्याही बहुधा नसेल. माझे मत रविवारीच कळवले आहे.’ मग संगप्पांचा संदेश निवडला आणि एकतीस दुकानदारांचे नंबर काढले. सगळ्यांना एकदम पाठवायची सोय होती. तिनं ती वापरली नाही. एकेक नाव उघडून, वर त्यांचं नाव घालून, वेगळा वेगळा पाठवू लागली. मध्येच संगप्पांचा फोन यायचा, ती तो कापायची आणि पुढचं नाव उघडायची.

जगदेवी बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, "गेला का आता तरी राग?"

"थांबा, वैनी," भुवनेश्वरी मान वर न करता म्हणाली. "अजून सोळा नंबर राहिलेत."